सीमेपलीकडचे दवाखाने: युरोपातील डॉक्टरांच्या स्थलांतराची प्रस्तावना

१६ जून १९७५ रोजी युरोपीय आर्थिक समुदायाच्या मंत्रिपरिषदेने डॉक्टरांविषयी दोन निर्देश संमत केले. सदस्य देशांनी एकमेकांच्या वैद्यकीय पदव्या मान्य कराव्यात, असे पहिल्याने सांगितले. त्या पदव्यांमागे किमान किती आणि कसले शिक्षण असावे, हे दुसऱ्याने ठरवले. समुदायात तेव्हा नऊ देश होते. डिसेंबर १९७६ पासून यांपैकी एका देशाचा नागरिक असलेला आणि तिथेच शिकलेला डॉक्टर उरलेल्या आठांपैकी कुठेही पुन्हा परीक्षा न देता नाव नोंदवून व्यवसाय करू शकला. १९५७ च्या रोम करारात नागरिकांच्या मुक्त संचाराचे तत्त्व होते, पण वैद्यकीय व्यवसायांच्या बाबतीत आधी शिक्षणाच्या अटी जुळवाव्यात असे त्याच करारात म्हटले होते, आणि त्या जुळवायला अठरा वर्षे गेली. परिचारिका, दंतवैद्य, पशुवैद्य, सुईणी, औषधनिर्माते आणि वास्तुविशारद यांची पाळी पुढच्या दहा वर्षांत एकेक करून आली. वाट पहिल्यांदा मोकळी झाली ती डॉक्टरांची.

कोणत्या देशाने किती डॉक्टर घडवावेत, त्यांना काय पगार द्यावा, एखाद्या जिल्ह्यातले भूलतज्ज्ञ एकाच वर्षात निघून गेले तर तिथल्या शस्त्रक्रियांचे काय करायचे, यांबद्दल या निर्देशांत एक शब्दही नाही. तो असू शकत नव्हता. आरोग्यसेवेची आखणी, तिचे संघटन आणि तिच्यावरचा खर्च ही सदस्य देशांची जबाबदारी आहे, असे आज युरोपीय संघाच्या मूलभूत कराराचे १६८ वे कलम स्पष्ट सांगते. डॉक्टरांसाठी नोकरीचा बाजार असा खंडाएवढा झाला, पण डॉक्टर घडवण्याचा आणि त्याला टिकवून धरण्याचा भार देशादेशापुरताच राहिला. गेल्या पन्नास वर्षांत या विषयावर जे वाद झाले, त्यांतले बहुतेक या विसंगतीतून निघालेले आहेत.

वैद्याने देश बदलणे युरोपाला नवे नाही. ब्रुसेल्समध्ये जन्मलेला वेसालियस पादुआत शरीररचना शिकवत होता आणि पुढे सम्राट पाचव्या चार्ल्सच्या दरबारी वैद्य झाला. रक्ताभिसरणाचा शोध लावणारा विल्यम हार्वी इंग्लंडहून पादुआला गेला आणि १६०२ मध्ये तिथली पदवी घेऊन परतला. लायडनला बोएरहावेच्या हाताखाली शिकलेल्या व्हान स्वीटेनला मारिया थेरेसाने १७४५ मध्ये व्हिएन्नाला बोलावून घेतले. तिथल्या वैद्यकीय शिक्षणाची नवी घडी त्याने बसवली. विद्यापीठांची भाषा सगळीकडे लॅटिन होती, त्यामुळे शिकणाऱ्याला आणि शिकवणाऱ्याला सीमा फारशा जाणवत नव्हत्या.

त्या जाणवू लागल्या एकोणिसाव्या शतकात. सरकारांनी वैद्यकीचा परवाना आपल्या हाती घेतला. ब्रिटनच्या १८५८ च्या कायद्याने डॉक्टरांची अधिकृत नोंदवही सुरू केली आणि परदेशी पदवीला तिच्यात जागा जवळपास उरली नाही. एलिझाबेथ ब्लॅकवेलचे नाव अमेरिकेतल्या पदवीवर तिथे चढले, कारण कायदा होण्यापूर्वी ब्रिटनमध्ये व्यवसाय केलेल्यांना सवलत होती. एलिझाबेथ गॅरेट अँडरसनने १८७० मध्ये पॅरिसची एमडी मिळवली, तेव्हा नोंदवहीने ती पदवी मानली नाही. नोंदवहीने रुग्णाचे भोंदूंपासून रक्षण केले हे खरेच. पण कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला बाहेर ठेवायचे, हे ठरवण्याचे साधनही तिने स्थानिक डॉक्टरांच्या हाती दिले. १९३० च्या दशकात ते साधन किती कठोर होऊ शकते हे दिसले. नाझी राजवटीने ३० सप्टेंबर १९३८ पासून ज्यू डॉक्टरांचे परवाने रद्द केले. देश सोडून निघालेल्या या डॉक्टरांना शेजारच्या देशांतले व्यावसायिक संकोचाने, पुष्कळदा विरोध करूनच, आत घेत होते. जे आत गेले त्यांतला एक ब्रेस्लाउचा मेंदुशल्यविशारद लुडविग गुटमान. तो १९३९ मध्ये इंग्लंडला पोहोचला आणि १९४४ मध्ये स्टोक मँडव्हिल इथे त्याने मज्जारज्जूला इजा झालेल्यांसाठी विभाग उघडला. अशा रुग्णांचे आयुष्य त्याने पालटून टाकले. आजच्या पॅरालिम्पिक स्पर्धांचे मूळही तिथेच आहे.

मान्यतेची आजची यंत्रणा २००५ च्या निर्देशावर आणि त्यात २०१३ मध्ये झालेल्या दुरुस्तीवर चालते. मूलभूत वैद्यकीय शिक्षण किमान पाच वर्षांचे आणि ५,५०० तासांचे असावे लागते. विशेषज्ञांसाठी निर्देशाला एक लांबलचक परिशिष्ट जोडलेले आहे. कोणत्या देशात कोणत्या शाखेला काय नाव आहे आणि तिचे प्रशिक्षण किमान किती वर्षांचे हवे, हे त्यात लिहिलेले असते: भूलशास्त्राला तीन वर्षे, बालरोगाला चार, सामान्य शल्यचिकित्सेला पाच. परिशिष्टात नाव असलेली पदवी आपोआप मान्य होते. यजमान देशाने अभ्यासक्रम तपासायचा नसतो आणि परीक्षाही घ्यायची नसते. भरवसा कागदावर ठेवायचा, माणसाला पुन्हा पारखायचे नाही, अशी ही रचना आहे. तिचा वेग या भरवशातून येतो आणि तिची जोखीमही त्यातच आहे. दोन देशांतली पाच वर्षे कागदावर सारखी असली तरी एका ठिकाणी निवासी डॉक्टर शेकडो शस्त्रक्रिया स्वतः करतो आणि दुसरीकडे तेवढाच काळ तो टेबलाशेजारी उभा राहून पाहतो, असे होऊ शकते. वर्षे मोजणे सोपे असते. कौशल्य मोजण्याची सर्वमान्य पद्धत युरोपात अजून घडलेली नाही.

ही मोकळीक सर्वांना नाही, हेही इथेच नोंदवायला हवे. ती युरोपीय नागरिकांसाठी आणि युरोपात मिळालेल्या पदव्यांसाठी आहे. पुण्यात किंवा नागपुरात एमबीबीएस झालेल्या डॉक्टरला एका सदस्य देशाने मान्यता दिली म्हणून त्याला दुसऱ्याचे दार आपोआप उघडत नाही; पहिल्या देशात तीन वर्षे काम केल्यानंतर त्याच्या अर्जाचा विचार होऊ शकतो, इतकेच. ज्या १९७५ साली युरोपातल्या देशांनी आपसातल्या भिंती पाडल्या, त्याच वर्षी ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने भारतीय वैद्यकीय पदव्यांची थेट मान्यता काढून घेतली आणि परदेशी पदवीधरांसाठी ज्ञानाची व भाषेची चाचणी सुरू केली. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून निघून ब्रिटिश हॉस्पिटलात रुजू होण्याची जी जुनी वाट होती, तिच्यावर परीक्षेचे फाटक बसले. आजची प्लॅब परीक्षा त्याच चाचणीचा पुढचा अवतार आहे.

१९७५ मध्ये भीती अशी होती की पदव्या मान्य होताच डॉक्टरांचे लोंढे श्रीमंत देशांकडे वळतील. इटलीत डॉक्टर गरजेपेक्षा जास्त तयार होत होते, त्यामुळे ही भीती निराधार म्हणता येत नव्हती. लोंढा मात्र आला नाही. पहिली पंचवीस वर्षे देश बदलणाऱ्यांची संख्या थोडीच राहिली. नऊ देशांतल्या पगारांत आणि राहणीमानात एवढी तफावत नव्हती की माणसाने भाषा, घर आणि मुलांची शाळा बदलावी. कायद्याने दार उघडले तरी माणूस कारणाशिवाय उठून जात नाही. ती कारणे एकविसाव्या शतकाच्या आरंभी एकापाठोपाठ एक जमा झाली.

पहिले कारण कामाच्या तासांचे. युरोपीय कायद्याने आठवड्याच्या कामाची सरासरी मर्यादा ४८ तासांवर आणली होती. निवासी डॉक्टर सुरुवातीला त्यातून वगळलेले होते. ऑगस्ट २००४ पासून त्यांनाही ती टप्प्याटप्प्याने लागू झाली. दरम्यान युरोपीय न्यायालयाने दोन निकाल दिले, एक २००० मध्ये स्पेनमधल्या डॉक्टरांच्या संघटनेच्या दाव्यात आणि दुसरा २००३ मध्ये जर्मनीतल्या कील शहराच्या एका हॉस्पिटल-डॉक्टरच्या दाव्यात. हॉस्पिटलात थांबून केलेली ड्यूटी, मग डॉक्टर त्यातले काही तास झोपलेला का असेना, पूर्णपणे कामाचा वेळ धरावी, असे न्यायालयाने म्हटले. निकाल माणुसकीचा होता. सलग तीस तास जागलेल्या डॉक्टरने टाके घालू नयेत, हे रुग्णाच्याही हिताचे. पण जे वेळापत्रक कालपर्यंत तीन निवासी डॉक्टर ओढत होते, त्याला आता चार किंवा पाच लागू लागले, आणि पश्चिम युरोपातल्या महाविद्यालयांनी तेवढे घडवलेले नव्हते. ब्रिटनमध्ये २००४ च्या नव्या करारानुसार जनरल प्रॅक्टिशनरना रात्रीच्या आणि सुटीच्या दिवसांच्या जबाबदारीतून बाहेर पडता आले; ती पोकळी भरायला जर्मनीतून आणि पोलंडमधून डॉक्टर शुक्रवारी विमानाने येऊ लागले आणि सोमवारी आपल्या गावच्या दवाखान्यात परतू लागले.

त्याच वर्षी, मे २००४ मध्ये, युरोपीय संघात दहा नवे देश आले. त्यांतले आठ मध्य आणि पूर्व युरोपातले होते. २००७ मध्ये रोमानिया आणि बल्गेरिया, २०१३ मध्ये क्रोएशिया. साम्यवादी राजवटींनी या देशांत वैद्यकीय शिक्षणाचे जाळे मोठे विणले होते, पण डॉक्टरचा पगार कारखान्यातल्या कुशल कामगाराच्या बरोबरीचा किंवा त्याहून कमी ठेवला होता. आता एकाच पदवीला सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे मिळणाऱ्या पगारात कित्येक पटींचा फरक होता आणि मधली भिंत गेली होती. डॉक्टरांच्या हाती एक नवे हत्यार आले. ते चेक डॉक्टरांनी उघडपणे उपसले. २०१० च्या अखेरीस ‘धन्यवाद, आम्ही निघतो’ अशा नावाच्या मोहिमेत सुमारे ३,८०० हॉस्पिटल-डॉक्टरांनी राजीनामे दिले. १ मार्च २०११ पासून ते लागू होणार होते. देशभरातली हॉस्पिटले बंद पडण्याच्या बेतात असताना फेब्रुवारीत सरकारने पगारवाढ मान्य केली. त्याच वर्षाच्या शेवटी स्लोव्हाकियात दोन हजारांहून अधिक डॉक्टरांनी तीच वाट धरली, तेव्हा तिथल्या सरकारने आणीबाणी जाहीर करून त्यांना कामावर राहायला भाग पाडले. अखेर तिथेही पगार वाढवावे लागले. निघून जाण्याचा हक्क इथे प्रत्यक्ष न जाताच वापरला गेला.

रोमानियात मात्र डॉक्टर खरोखरच गेले, आणि या सगळ्या विषयातला सर्वात बोलका दाखला तोच आहे. २०१० मध्ये आर्थिक संकटामुळे सरकारने सार्वजनिक क्षेत्रातले पगार एक चतुर्थांशाने कापले आणि नव्या नेमणुका जवळपास गोठवल्या. तरुण डॉक्टरचा पगार आधीच एवढा तुटपुंजा होता की घरच्यांच्या मदतीवाचून महिना निघत नसे. बुखारेस्टच्या हॉटेलांत फ्रेंच आणि जर्मन हॉस्पिटलांचे प्रतिनिधी भरतीचे मेळावे घेऊ लागले. फ्रान्सच्या ग्रामीण भागात जुने डॉक्टर निवृत्त झाले होते आणि नवे यायला तयार नव्हते. तिथल्या लहान गावांचे महापौर राहायला घर आणि तयार दवाखाना देऊन रोमानियन डॉक्टरांना बोलावू लागले. रोमानियन माणसाला फ्रेंच लवकर जमते, तिथल्या सुशिक्षितांत त्या भाषेची जुनी परंपराही आहे. म्हणून फ्रान्स जवळचा वाटला.

पगार हे एकच कारण नव्हते. देश सोडलेले रोमानियन डॉक्टर कारणे सांगतात, तेव्हा त्यांत पैशांच्या जोडीने इतर गोष्टी पुन्हा पुन्हा येतात: ओळखीशिवाय न मिळणारी पदे, अतिदक्षता विभागात संपलेली औषधे, शिकवायला वेळ नसलेले वरिष्ठ, आणि रुग्णाने पाकिटात घालून दिलेले पैसे घेण्याची लाज. पाकिटाची ती प्रथा हंगेरीतही खोल रुजलेली होती. सरकार कमी पगार देते, उरलेले रुग्ण देईल असे गृहीत धरते, आणि स्वाभिमानी तरुण डॉक्टरला रोज ठरवावे लागते की उपाशी राहायचे की हात पुढे करायचा. अशा व्यवस्थेतून निघून जाणाऱ्याला देशद्रोही म्हणणे अन्यायाचे आहे. पण तो गेल्यावर मागे काय होते, हेही तितकेच खरे. क्लुज, बुखारेस्ट, याश, तिमिश्वारा या विद्यापीठांच्या शहरांत डॉक्टर टिकून राहिले. ईशान्येकडच्या वासलुई आणि बोतोशान यांसारख्या गरीब जिल्ह्यांत आधीच थोडे होते. तिथली खेडी मागे पडली. स्थलांतराचा सगळ्यात मोठा फटका बसतो तो डॉक्टरपर्यंत पोहोचायला आधीच दोन बस बदलाव्या लागणाऱ्या रुग्णाला.

ग्रीसची कहाणी वेगळी. लोकसंख्येच्या मानाने युरोपात सर्वाधिक डॉक्टर तिथे आहेत, आणि विशेष प्रशिक्षणाच्या जागेसाठी वर्षानुवर्षे थांबण्याची रीत आर्थिक संकटाआधीपासूनच होती. २०१० नंतर पगार कापले गेले, नेमणुका थांबल्या आणि हजारो तरुण ग्रीक डॉक्टर जर्मनी, ब्रिटन, स्वीडन आणि सायप्रसला गेले. ग्रीसमध्ये तुटवडा आहे तो जनरल प्रॅक्टिशनरचा आणि बेटांवर राहायला तयार असलेल्यांचा. इटलीतही पदवीनंतरच्या प्रशिक्षणाच्या जागा बरीच वर्षे पदवीधरांपेक्षा कमी होत्या. ज्यांना ती मिळाली नाही त्यांतले पुष्कळ आल्प्स ओलांडून गेले. परिणाम असा की २०२२ मध्ये कालाब्रिया प्रांताला आपली हॉस्पिटले उघडी ठेवण्यासाठी क्युबाशी करार करून सुमारे ५०० डॉक्टर मागवावे लागले.

ही हालचाल दोन देशांतली नसते. ती साखळीने चालते. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण २००२ पासून त्याच्याशी मुक्त संचाराचा करार आहे. तिथल्या जर्मन भाषक विद्यापीठांनी १९९८ पासून वैद्यकीय प्रवेशावर मर्यादा घातली. आज तिथल्या दर दहा डॉक्टरांपैकी सुमारे चार परदेशात शिकलेले आहेत आणि त्यांतले सुमारे निम्मे जर्मनीत. जर्मनी आपल्या जागा भरतो रोमानिया, ग्रीस आणि ऑस्ट्रियातून, आणि संघाबाहेरून. तिथे काम करणाऱ्या परदेशी नागरिकत्वाच्या डॉक्टरांची संख्या ६०,००० च्या पुढे गेली, तेव्हा त्यांत सर्वात मोठा गट सीरियन डॉक्टरांचा होता. पोलंडचे डॉक्टर जर्मनी, ब्रिटन आणि स्कँडिनेव्हियात गेले. पोलंडने २०२० नंतर संघाबाहेरच्या, मुख्यतः युक्रेन आणि बेलारूसच्या डॉक्टरांसाठी नियम सैल केले, आणि २०२२ च्या युद्धानंतर ती वाट आणखी रुंद झाली. एस्टोनियाचे डॉक्टर तालिनहून दोन तासांच्या फेरीबोटीने फिनलंडला जातात आणि काही जण घर न हलवता तिथल्या पाळ्या करतात. आयर्लंडमध्ये तरुण आयरिश डॉक्टर ऑस्ट्रेलियाला जातात आणि त्यांच्या वॉर्डांत पाकिस्तान आणि सुदानमधले डॉक्टर दिसतात. बहुतेक वेळा देश आपल्याहून गरीब देशातून माणूस उचलतो. साखळीच्या शेवटी मोल्दोव्हासारखा देश असतो आणि त्याला उचलायला कोणी उरत नाही.

या प्रवाहाला एक उलटा ओढाही आहे, विद्यार्थ्यांचा. बुडापेस्टच्या सेमेलवाइस विद्यापीठाने १९८३ मध्ये जर्मन भाषेतला वैद्यकीय अभ्यासक्रम सुरू केला. जर्मनीत गुणांच्या कठोर अटीमुळे प्रवेश हुकलेले विद्यार्थी फी भरून तिथे शिकतात आणि पदवी घेऊन परततात. क्लुजला २००० पासून फ्रेंचमधून वैद्यक शिकता येते. नॉर्वेचे विद्यार्थी पोलंड आणि हंगेरीत दिसतात. आकडेवारीत हे सारे ‘परदेशात शिकलेले डॉक्टर’ म्हणून धरले जातात. खरे तर ते घरी परतलेले लोक आहेत. ऑस्ट्रियात याच गोष्टीने वाद पेटला. युरोपीय न्यायालयाने २००५ मध्ये ऑस्ट्रियाचे प्रवेशाचे नियम भेदभावाचे ठरवले, त्याबरोबर जर्मन विद्यार्थ्यांनी इन्सब्रुक आणि ग्राझकडे धाव घेतली. शिकून हे विद्यार्थी परत जातील आणि ऑस्ट्रियाला डॉक्टर उरणार नाहीत, असे म्हणत सरकारने पुढच्याच वर्षी वैद्यकीच्या तीन चतुर्थांश जागा ऑस्ट्रियात शालान्त शिक्षण झालेल्यांसाठी राखल्या. युरोपीय आयोगाने बरीच वर्षे विचार करून अखेर ही मर्यादा चालू दिली. मुक्त संचाराच्या तत्त्वाला आरोग्यव्यवस्थेच्या रक्षणासाठी मुरड घालता येते, हे त्यातून मान्य झाले.

पदवी मान्य झाली तरी भाषा उरतेच. फेब्रुवारी २००८ मध्ये इंग्लंडच्या केंब्रिजशायर भागात जर्मनीहून आलेल्या एका डॉक्टरने ब्रिटनमधल्या आपल्या पहिल्याच पाळीत एका वयस्क रुग्णाला डायमॉर्फिनचा नेहमीच्या मात्रेच्या दहापट डोस दिला आणि रुग्ण दगावला. ते औषध जर्मनीत वेदना शमवण्यासाठी वापरले जात नव्हते आणि डॉक्टरला त्याची सवय नव्हती. एका आरोग्य विभागाने इंग्रजी अपुरे म्हणून त्याला नाकारले होते. दुसऱ्या विभागाने घेतले. युरोपीय डॉक्टरची भाषा तपासण्याचा अधिकार जनरल मेडिकल कौन्सिलला तेव्हा नव्हता, तो २०१४ मध्ये मिळाला. २०१३ च्या दुरुस्तीनेही पदवी मान्य केल्यानंतर भाषा तपासायला मुभा दिली, आणि एखाद्या देशाने डॉक्टरवर बंदी घातली तर तीन दिवसांत बाकीच्या सगळ्या देशांना कळवण्याची सक्ती केली. जर्मनीत २०१४ नंतर राज्याराज्यांत वैद्यकीय भाषेची परीक्षा रुळली. वीस मिनिटे रुग्णाची हकिकत ऐकायची, वीस मिनिटांत ती लिहून काढायची, वीस मिनिटे वरिष्ठ डॉक्टरला सांगायची. ती अवघड वाटते, पण छातीत ‘कळ येते’ आणि ‘जळजळते’ यांतला फरक न कळणारा डॉक्टर धोकादायक असतो, मग त्याची पदवी कुठलीही असो.

युरोपातल्या आतल्या वाटा रुंद झाल्या, त्याची किंमत अनेकदा बाहेरच्यांनी मोजली. २००६ च्या वसंतात ब्रिटिश सरकारने परदेशी डॉक्टरांना परवान्याशिवाय प्रशिक्षण घेण्याची सवलत अचानक काढली. लायक युरोपीय उमेदवार मिळत नसेल तरच बाहेरच्याचा विचार करावा, असा नियम आला. प्लॅब उत्तीर्ण होऊन लंडनच्या ईस्ट हॅममध्ये दाटीवाटीने राहणारे भारतीय डॉक्टर एका रात्रीत अडकले. भारतीय वंशाच्या डॉक्टरांच्या संघटनेने न्यायालयात दाद मागितली, आणि आधीच देशात असलेल्यांनाही मागे सारणारी आरोग्य खात्याची सूचना २००८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने बेकायदा ठरवली. पुढे चक्र उलटे फिरले. युरोपीय संघ सोडण्याच्या २०१६ च्या सार्वमतानंतर युरोपातल्या डॉक्टरांना वाटणारे ब्रिटनचे आकर्षण कमी झाले, २०२० च्या अखेरीस मुक्त संचार संपला, आणि नव्याने नोंदणी करणाऱ्यांत भारत, पाकिस्तान आणि नायजेरियाचे डॉक्टर पुन्हा पुढे आले. युरोपीय पदव्यांची मान्यता मात्र ब्रिटनने एकतर्फी चालू ठेवली. डॉक्टरांची गरज राजकारणाहून मोठी ठरली.

या विषयावरचे आकडे वाचताना सावध राहावे लागते. परदेशी जाण्यासाठी डॉक्टर आपल्या वैद्यकीय परिषदेकडून पात्रतेचा आणि चांगल्या वर्तणुकीचा दाखला घेतो. वर्तमानपत्रांतले ‘इतके डॉक्टर देश सोडून गेले’ हे मथळे पुष्कळदा या दाखल्यांच्या संख्येवर बेतलेले असतात. दाखला घेऊनही न जाणारे बरेच असतात. काही जण वर्षभराने परततात, काही दोन देशांत आळीपाळीने काम करतात आणि दोन्हीकडच्या नोंदवह्यांत दिसतात. आलेल्यांची मोजणी यजमान देश बरी करतात; गेलेल्यांची मोजणी जवळपास कोणीच नीट करत नाही.

जागतिक आरोग्य सभेने मे २०१० मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय भरतीविषयी एक संहिता स्वीकारली. जिथे तुटवडा आहे तिथून भरतीची मोहीम चालवू नये आणि प्रत्येक देशाने आपल्या गरजेचे मनुष्यबळ स्वतः घडवावे, असे ती सांगते. ती ऐच्छिक आहे. शिवाय तिचा रोख मुख्यतः आफ्रिका आणि आशियाकडे होता. जर्मनीने रोमानियातून डॉक्टर नेणे संघाच्या कायद्यात हक्काचेच आहे. डॉक्टर घडवणाऱ्या देशाला नेणाऱ्या देशाने भरपाई द्यावी, ही मागणी अधूनमधून होते. ती न्याय्य वाटते, पण तिच्यासाठी कोणतीही यंत्रणा उभी राहिलेली नाही. मार्च २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागातल्या देशांनी मनुष्यबळ टिकवण्याविषयीचा जाहीरनामा बुखारेस्टमध्ये काढला; जागेची निवड अर्थपूर्ण होती.

प्रत्यक्षात फरक पडला तो देशांनी घरी काही केले तेव्हा. पोलंडमध्ये निवासी डॉक्टरांनी ऑक्टोबर २०१७ मध्ये उपोषण केले; नंतरच्या तडजोडीत, प्रशिक्षण संपल्यावरच्या पाच वर्षांपैकी दोन वर्षे देशात काम करण्याचे लिहून देणाऱ्याला वाढीव वेतन मिळू लागले. महाराष्ट्रात शासकीय महाविद्यालयांतून एमबीबीएस होणाऱ्यांना जी बंधपत्राची सेवा करावी लागते, तिच्याशी याचे नाते आहे. फरक असा की पोलंडने बंधनाला पैशाची जोड दिली आणि सही ऐच्छिक ठेवली. रोमानियाने २०१८ मध्ये सरकारी डॉक्टरांचे पगार एकदम दुपटीहून अधिक केले आणि जाणाऱ्यांचा ओघ मंदावला. औषधांचा तुटवडा आणि ओळखीने मिळणारी पदे यांना पगारवाढीचा उपाय नव्हता. हंगेरीने २०२१ च्या आरंभी डॉक्टरांचे पगार मोठ्या प्रमाणात वाढवले आणि त्याच दिवसापासून पाकीट देणे व घेणे गुन्हा ठरवले. सर्वात कमी खर्चाचा उपाय बहुधा माल्टाने केला. या चिमुकल्या देशातले बहुतेक नवे पदवीधर प्रशिक्षणासाठी ब्रिटनला निघून जात. माल्टाने २००९ मध्ये आपल्याच हॉस्पिटलात ब्रिटिश प्रशिक्षणाशी संलग्न असा दोन वर्षांचा कार्यक्रम सुरू केला. त्यानंतर नव्या पदवीधरांतले बहुसंख्य पहिली दोन वर्षे घरीच राहू लागले, आणि पुढे विशेष प्रशिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्यांपैकी काहींना परत येण्यासाठी ओळखीचा विभाग आणि शिकवणारे वरिष्ठ मागे उरले.